झिपऱ्याचं दुसरं इंजेक्शन

असोदा, २० एप्रिल १९५७
झिपऱ्या आज उंबऱ्यापाशीच अडला. मागचे पाय उचलेचनात. पोटाखाली हात घालून मी त्याला आत घेतलं, तर केवढा कळवळला! ह्याच्या भीतीनं आमच्या केळीत रानडुक्कर शिरत नसे. त्याची ही दशा!

यांचं आपलं एकच — "चुडामणले बलावतो. डाग देला का सांधे मोकये व्हतीन." बैलांना देतात, माणसांना देतात, म्हणून म्हाताऱ्या कुत्र्यालाही तापलेली सळई लावायची? मी साफ सांगितलं, या घरात डागणी होणार नाही. धुळ्याला ढोरांच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आलेत, सांधेदुखीवर नवं इंजेक्शन देतात म्हणे. तिकडेच न्यायचं.

"कुत्र्याले इंजिक्शन!" म्हणून पोट धरून हसले. हसू देत.

२३ एप्रिल
जाऊन आलो! पितांबरच्या केळीच्या ट्रकमधून. मागे पाल्यावर झिपऱ्या आणि मी. हे पुढे पितांबरशेजारी, तोंड फिरवून — कोणी ओळखीचं बघेल ना!

डॉक्टर भला माणूस. एकेक सांधा चाचपून बघितला. "बाई, म्हातारपणावर औषध नाही. दुखणं मात्र हलकं होईल. आठवड्यानं दुसरं इंजेक्शन द्यायलाच हवं, मधेच सोडू नका. आणि डागायचं नाही. जखम चिघळेल." यांच्यासमोर म्हणाले ते बरं झालं.

२६ एप्रिल
झिपऱ्या आपला आपण उठला! कुंपणापर्यंत जाऊन रस्त्यावरच्या बकरीवर भुंकलासुद्धा. मला रडूच आलं.

२९ एप्रिल
माझा धाकटा भाऊ सुकदेव सावद्याहून मुराळी आलाय. आखाजीच्या सणाला सगळ्या लेकी माहेरी जाणार, आणि दुसरं इंजेक्शन नेमकं उद्याचं. म्हटलं, यंदा नाही येत मी. तर हेच म्हणाले, "जाय तू. माय वाट पाह्यत असीन. मी नेतो ना त्याले धुयाले. तुह्या गयाची आन."

माझ्या गळ्याची शपथ घेतल्यावर काय बोलणार? निघाले.

सावदा, २ मे
आखाजी. सांजोऱ्या, आमरस, निंबाला उंच झोका. झोक्यावर सगळ्यांना सांगितलं — आमचे हे एकटे कुत्र्याला घेऊन धुळ्याला गेले! बायका खिदळल्या. खिदळोत. मला फार बरं वाटत होतं.

असोदा, ६ मे
नेलंच नाही!

माझा आवाज ऐकून झिपऱ्या नुसता कण्हला. मागच्या दोन्ही मांड्यांवर आडवे डाग. केस जळालेले, खाली लाल मांस, वर माशा.

"त्या दिशी बागाची पान्याची पाई व्हती," म्हणे. "मंग रातभर रडे तो. पाह्यलं जाये ना मले."

पाण्याची पाळी! म्हणजे माझ्या गळ्यापेक्षा केळी मोठी. आणि मी बसले होते तिकडे झोक्यावर कौतुक सांगत! माझी पाठ वळायचीच वाट बघत होते. जाय तू, जाय तू — आता कळलं. ताट वाढते, पाणी ठेवते. बोलणं बंद.

८ मे
खोबरेल लावायला गेले तर झिपऱ्या माझ्यावर गुरगुरला. माझ्यावर! आणि संध्याकाळी यांच्या हातची भाकरी खाल्ली, यांच्याच पायावर डोकं ठेवून झोपला. ज्यानं जाळलं त्याच्या पायावर! तूही तसलाच निघालास रे.

९ मे
शेजारची झुंबरबाई समजूत घालायला आली. "अवं, कुत्र्यापायी कोनी नवऱ्याशी बोलनं सोडतं का?"

कुत्र्यापायी कुठे! माझी खोटी शपथ घेतली, त्यापायी. तिला सांगितलं नाही. चहा दिला.

११ मे
विहिरीवर पाय धुताना यांचं धोतर वर सरकलं. मांडीवर आडवा डाग, अजून ओला. यांचे सांधे तर कधीच दुखत नाहीत!

तडक चुडामणच्या घरी गेले. तो म्हणाला, "आबा म्हने, आंधी मले दे. कितलं लागतं ते पाहू दे. मंग त्याले."

किती लागतं ते कळलं. आणि तरी दिला!