शब्द गिळू नका

सोम., ३ फेब्रु.
ह्यांची अकरा गाणी इंटरनेटवर चढवून महिना झाला. स्वतः लिहिलेली, बुधवार पेठेतल्या स्टुडिओत गायलेली. ऐकणारे त्रेसष्ट, निम्मे नातेवाईक. घशाचं ऑपरेशन १८ मार्चला. नंतर आवाज राहील असं डॉक्टर म्हणत नाहीत. म्हणजे यंदा चौदा एप्रिलला, जयंतीच्या स्टेजवर हे नसणार. म्हणाले, "गाणी लोकांपर्यंत पोचव. तू ऑफिस चालवलंयस." प्रज्ञाने (लेक, नोकरी खराडीत) संगीत-प्रसिद्धीचा ऑनलाइन कोर्स लावून दिला.

शनि., ८ फेब्रु.
धडा २: मंडळांशी संपर्क. एकवीस मंडळं व विहारांना पत्रं धाडली. जावक क्रमांक, विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून'.
प्रज्ञा: "आई, हे गाणं आहे की स्मरणपत्र?"
एकच उत्तर आलं. 'आपला अर्ज मिळाला. कार्यकारिणीपुढे ठेवू.'

गुरु., २० फेब्रु.
धडा ४: पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. पंधरा सेकंदांत ह्यांचा आलाप संपत नाही. तरी हे पेटी घेऊन स्वयंपाकघरात बसले, प्रज्ञाने मोबाइल धरला. मी भाकऱ्या थापत होते. दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द अर्धाच आला. तोंडातून गेलं, "अहो, शब्द गिळू नका! चाळीस वर्षं तेच सांगतेय." प्रज्ञाने तेवढंच चढवलं. विचारलं नाही.

रवि., २३ फेब्रु.
लाखावर लोकांनी पाहिलं. गाणं नव्हे, मला. खाली शेरे: 'काका जाम घाबरले.' 'आमच्याकडे पण सेम.' 'काकू, पुढचा कधी?' धायरी फाट्यावर भाजीवाली म्हणाली, "मॅडम, एकदा ओरडून दाखवा ना." म्हटलं, "कोथिंबीर शिळी आहे." ती खूश.

मंगळ., ४ मार्च
धडा ६: जे चाललं तेच पुन्हा द्या. ऐकलं नाही. न ओरडता अख्खं गाणं टाकलं. चाळीस जण. मी ओरडले की बघायला येणाऱ्यांतले थोडे तरी गाण्याकडे वळतात. नांदेडच्या एकाने लिहिलं, 'दुसरं कडवं ऐकून वडील आठवले.' ते ह्यांनी तीनदा वाचून घेतलं.
मग सुटका कुठली. रोज सकाळी हाताला पीठ लावून उभी राहते. भाकऱ्या आधीच झालेल्या असतात.

सोम., १० मार्च
हे मुद्दाम चुकायला लागलेत. चुकण्याआधी डावी भुवई उडते, मला कळतं. म्हटलं, "शब्द चोख यावेत म्हणून मी जन्मभर मागे लागले, आणि आता तुम्ही..."
"लोक तुझ्यासाठी येतात ना? येऊ देत. दारात चपला काढल्या की माणूस जरा बसतोच."
प्रज्ञाला सांगितलं, बंद कर. "आई, ऑपरेशनपर्यंतच. बाबांनाच हवंय." दोघं एका बाजूला. ऑफिसात अशा वेळी रजा टाकता यायची.

सोम., १७ मार्च
उद्या सकाळी ॲडमिट. आज शेवटचा व्हिडिओ. निक्षून सांगितलं, आज ओरडणार नाही, पीठ नाही, गाणं पूर्ण होईल. ह्यांनी मान डोलावली. जयंतीचा पांढरा शर्ट घातला.
पहिलं कडवं स्वच्छ. दुसऱ्याच्या शेवटी शब्द अर्ध्यात तुटला.
भुवई हलली नव्हती.
पेटीचा सूर धरून माझ्याकडे बघत राहिले. प्रज्ञाचा मोबाइल सवयीने माझ्याकडे वळला. म्हटलं, "अहो, शब्द..." पुढचं आलं नाही. हे हसले, तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तिथंच तुटली. पुन्हा घेतली.
हॉस्पिटलची पिशवी भरून झाली. प्रज्ञा दोनदा विचारून गेली, "आई, टाकू का?" हे आतून म्हणतात, "आईला विचार, शब्द तिच्याकडे असतात."
मोबाइल माझ्यापुढे टेबलावर आहे. अजून...