गोथ राजाचं लॅटिन

४ मार्च १४६५, मोंतालवा

चौथ्यांदा! बिशपसाहेबांनी धर्मपीठाच्या इतिहासाचं पहिलं प्रकरण चौथ्यांदा परत पाठवलं. समासात तांबड्या शाईत एवढाच शेरा – 'संत कुठे आहे?'

संत नाही. मी काय करू? आमचं धर्मपीठ कुणा प्रेषिताच्या शिष्याने स्थापन केलं याला तसूभर पुरावा नाही. बोलोन्याच्या विद्यापीठात सहा वर्षं घासली ती संत पैदा करायला नव्हे.

"अरे नुन्यो, शेजारच्या पीठाकडे संत आहे," म्हणतात. "त्यांच्या इतिहासात तो दगडावर बसून समुद्रातून आलाय. आणि आपले लोक काय, नुसते चालत आले?"

७ मार्च

इथला सरदार डॉन सुएरो आज चिखलाच्या बुटांनी थेट दफ्तरखान्यात. सोबत यादी – त्याच्या तेहेतीस पिढ्या, सगळे साडेसातशे वर्षांपूर्वी बुडालेल्या गोथ राज्याचे सरदार. "इतिहासात घाल."

पुरावा विचारला. दाढी पुढे केली. "ही बघ. तांबडी आहे की नाही?"

आहे. माझ्या खेचराची शेपटीही तांबडी आहे. हे मनात म्हटलं. तोंडावर म्हणण्याची हिंमत कधी येणार कोण जाणे!

जाताना दारात थांबला. "आणि खालच्या आळीचंही लिही. ती जमीन आमच्या घराण्याची. देवळाने बळकावलीय. रोमला अर्ज केलाय मी. निकाल लागू दे, त्या बाटग्यांना हुसकून तबेला बांधतो की नाही बघ." हे बोलताना माझ्याकडे टक लावून पाहत होता. माझी आई त्या आळीतली, हे गावात कुणाला ठाऊक नाही? ज्यू आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्याला सत्तरच्या वर वर्षं झाली. माझी तर हयात देवळात चालली आहे. तरी बाटगेच!

८ मार्च

काही लिहून झालं नाही. बोटं गारठलेली. स्वयंपाकीण उर्राकाने पुन्हा खारा मासा केला. ईस्टरपर्यंत मांस वर्ज्य, कबूल. चवही वर्ज्य आहे का?

११ मार्च

सापडलं! खालची आळी देवळाची, याचा एकमेव आधार म्हणजे गोथ राजाची सनद. सगळे तिला नावाजतात, वाचत कुणी नाही. मी आज वाचली. बनावट आहे! शंभर टक्के बनावट.

एक तर साल 'ख्रिस्तजन्मापासून' मोजलंय. गोथ राजे सोडा, माझे आजोबासुद्धा 'एरा' ही जुनी कालगणनाच वापरायचे – अडतीस वर्षं पुढची! दुसरं, सातव्या ओळीत जहागिरीसाठी 'फेउदुम' हा शब्द. तो शब्द जन्माला यायच्या आधी गोथांचं राज्य बुडून गेलं होतं. वाचताना अंगावर रोमांच आले. यासाठीच तर शिकलो!

धावत बिशपसाहेबांकडे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बदाम सोलत.

"कपाटात होती तोवर बरी होती की रे ती."

"पण साहेब, खोटी आहे!"

"तू उघडेपर्यंत खरी होती."



१२ मार्च

इथे कौतुक करणारं कुणी नाही. म्हणून बोलोन्यातला माझा सोबती ताद्देओ याला सगळं सविस्तर कळवलं. तो आता रोमला पोपच्या दरबारात आहे. त्याला लॅटिन कळतं. सकाळच्या स्वारासोबत पत्र गेलं.

५ एप्रिल

बिशपसाहेब खुशीत. सुएरोच्या अर्जाची चौकशी करायला रोमहून माणूस निघालाय. ईस्टरनंतर पोचेल. "नाव ऐक – ताद्देओ! तुझाच मित्र ना? देवानेच धाडला!"

मी पत्राबद्दल चकार शब्द काढला नाही. सत्य ते सत्य.

६ एप्रिल

मेंदो गुरुजींकडे गेलो. मला अक्षर शिकवलं ते त्यांनी. चाळीस वर्षं दफ्तरखाना सांभाळला, आता डोळे गेले. ओवरीत उन्हाला बसलेले असतात. म्हटलं, निदान हे तरी पाठ थोपटतील.

सनद खोटी आहे, एवढंच म्हणालो. पुढे काही सांगायच्या आत ते म्हणाले, "फेउदुम ना? सातवी ओळ."

मी त्यांच्या शेजारी टेकलो.

"मीच लिहिली, नुन्यो."

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तोलेदो शहरात बाटग्यांची घरं जाळली ते वर्ष. मी बोलोन्यात होतो. इथे सुएरोच्या बापाने माणसं जमवली. रविवारी खालची आळी पेटवायची ठरलं. गुरुजींना शुक्रवारी कळलं. दोन दिवसांत त्यांनी सनद लिहिली, स्वयंपाकघराच्या धुरावर धरून जुनी केली. रविवारी तेव्हाच्या बिशपने ती देवळाच्या पायऱ्यांवर उभं राहून वाचली – देवळापासून ओढ्यापर्यंतची जमीन आणि तिच्यावर राहणारा प्रत्येक जण, कुठल्याही रक्ताचा असो, देवळाच्या छपराखाली. जो हात लावेल तो धर्माबाहेर, त्याच्या प्रेताला पवित्र माती नाही. लोकांनी पलिते ओढ्यात बुडवले आणि घरी गेले.

"आई?"

"तळघरात होती. उर्राकाच्या तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन."

"मला कधी सांगितलं का नाही?"

"तुला खोटं सोसत नाही. म्हणून तर तुला शिकवलं." मग जरा दुखावून – "माझं लॅटिन तेवढंच रे. मला कुणी पाठवलं होतं बोलोन्याला?"

७ एप्रिल

सगळ्यांवर चिडलोय. गुरुजींवर. आईवर – मरेपर्यंत बोलली नाही! 'इकडे सगळं ठीक आहे' – तिने लिहून घेतलेल्या प्रत्येक पत्रात हेच. आणि स्वतःवर. रोमला पाठवलेलं पत्र परत कसं बोलवायचं?

८ एप्रिल

सुएरोची माणसं दोर घेऊन आळी मोजत होती. उर्राका कणीक मळता मळता म्हणाली, "माझ्या बहिणीच्या दाराला खडूने खूण केली मेल्यांनी. तबेल्याचं दार तिथे येणार म्हणे." मग – "दादा, तुम्ही एवढं मोठं पुस्तक लिहिताय. आम्ही आहोत का त्यात?"

अकरा बिशप आहेत. चार राजे आहेत. एक भूकंप आहे.

"नाही," म्हटलं.

"बरं," म्हणाली, आणि मळत राहिली. भांडली असती तर परवडलं असतं.

९ एप्रिल

गुरुजींना म्हटलं, "मी लिहितो."

त्यांनी काय, कसं, का, काहीच विचारलं नाही. "गोथांचं गोल अक्षर काढ. चामडं कोरं शोध, पण जुनं."

जुन्या प्रवचनांच्या पोथीचं शेवटचं कोरं पान कापलं. देव मला क्षमा करो. किंवा न करो, पान उत्तम होतं.

११ एप्रिल

तीन सकाळी गेल्या. साल 'एरा'त घातलं. 'फेउदुम' काढला. गुरुजींची अट शब्दशः ठेवली – 'कुठल्याही रक्ताचा असो'. याच्याहून चांगलं मला सुचलं नाही. मग वाचून दाखवलं.

"फार सुंदर झालंय," गुरुजी नाक मुरडून म्हणाले. "राजाचा कारकून इतका हुशार असता तर राज्य बुडालं असतं का? चुका कर."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या विभक्त्या सुधारल्या. आज बसून स्वतःच्या बिघडवल्या. एकेक चूक जपून, त्या काळचा कारकून करील तशी. आणि संताप याचा येतो की मजा आली! चार प्रकरणांत सुचली नाहीत अशी वाक्यं भराभर येत होती.

गुरुजींच्या सनदेवर पाठीमागे माझ्या अक्षरात टीप घातली – 'उत्तरकालीन, सदोष नक्कल'. वाचून दाखवल्यावर म्हणाले, "सदोष! लिही, लिही."

१२ एप्रिल

बिशपसाहेबांना सांगितलं, मूळ सनद सापडली. मी वाचलेली ती नंतरची नक्कल होती.

त्यांनी सनद पाहिली. मग मला पाहिलं, बराच वेळ.

"शोधणारा पाहिजे," म्हणाले. "आता जरा संतही शोध."

१४ एप्रिल

ईस्टर. उर्राकाने कोकरू शिजवलं. माझा वाटा गुरुजींना नेऊन दिला.

२४ एप्रिल

ताद्देओ आला. सुटलाय चांगलाच. मिठी मारली आणि पहिलंच वाक्य – "दाखव तुझी ती खोटी सनद! पत्र वाचून हसून हसून मेलो."

दोन्ही समोर ठेवल्या. मूळ आणि 'नक्कल'. म्हणालो, घाई केली, चूक झाली. त्याचं हसू मावळलं. बोलोन्यात मी कधी चूक कबूल केल्याचं त्याला आठवत नव्हतं. मलाही नाही.

सनदा खिडकीशी नेल्या. भिंग लावून एकेक अक्षर. वास घेतला. चाटलंसुद्धा! तेवढ्यात सुएरो यादी घेऊन हजर. ताद्देओने ती वाचून विचारलं, "तुमचे हे पणजोबा दीडशे वर्षं जगले?"

"गोथ होते," सुएरो म्हणाला.

निकाल परवा.

२६ एप्रिल

आळी देवळाचीच राहिली. कायमची. सुएरो पाय आपटत गेला. उर्राका ओवरीत गुरुजींचे हात धरून रडत होती आणि ते तिला ओरडत होते.

ताद्देओ सनद छातीशी धरून माझ्याकडे आला. डोळ्यांत पाणी. "नुन्यो, इतका निखळ खरा कागद मी उभ्या जन्मात पाहिला नाही. याची एक नक्कल हवी. खरा दस्त कसा ओळखायचा, हे रोमच्या विद्यार्थ्यांना मी यापुढे हिच्यावरूनच शिकवणार."

मी म्हटलं, मीच करून देतो.