चौथा फोड

अप्पा, आज माजिवड्याच्या शेतातल्या झोपड्यांत जाऊन आले. मुंबईत प्लेग भडकल्यापासून माणसं जीव घेऊन इकडे पळून येताहेत आणि आपले ठाणेकर त्यांना पाणीसुद्धा लांबून ओततात. डॉक्टरीणबाई प्लेगची सुई घेऊन गेल्या, तर बायका दारात उभं करीनात, म्हणून त्यांनी मला सोबत नेलं. तुमची लेक म्हणून नव्हे हो, तुम्हांला आता इथे ओळखतंय कोण! विधवा बाई, जरा शिकलेली, मागे रडणारं कुणी नाही, एवढंच माझं मोल. घरात मला ‘अगं’ म्हणून हाक मारणारंही कुणी उरलं नाही. मी पदर सारून दंडावरचे वण दाखवले, म्हटलं, “बघा, लहानपणी मला देवी टोचल्या, मी मेले का?” तशी एक तरणी बाई पुढे आली आणि हळूच म्हणाली, “लय दुखतं का वो?”

कल्याणचं ते साल आठवतं ना? दुष्काळानं घाट उतरून आलेली माणसं खाडीकाठी चटयांच्या आडोशानं राहत होती, आणि त्यांच्यात देवी निघाल्या. तुम्ही सरकारी देवी टोचणारे. तेव्हा लस दंडावरून दंडावर जायची. टोचलेल्या मुलाचा फोड आठव्या दिवशी भरला की त्यातली लस पुढच्या मुलाला. पण त्या आया आठव्या दिवशी पोरं लपवायच्या, सरकार रक्त काढून नेतं म्हणे. टोचायला लस उरेना. आणि मी सात वर्षांची होऊनही कोरीच! देवीचा कोप होईल म्हणून आईनं टोचू दिलं नव्हतं, त्यावरून लोक तुम्हांला हसायचे. तुम्ही कुठून तरी काचेच्या नळीत थोडी लस मिळवलीत आणि आईचं काही न ऐकता माझ्या दंडावर चार ठिकाणी टोचलंत.

आठव्या दिवशी मला खाडीवर नेलंत. “ही माझी लेक. हिच्या दंडातलं तुमच्या लेकरांना देतो, मग तर झालं?” एवढं ऐकलं आणि बायका पोरं घेऊन आल्या. काय तोरा होता माझा! तीन फोडांतली लस देऊन संपली. चौथ्यासाठी माझ्याच वयाची एक पोर उरली होती. मघापासून ती माझ्याकडे टुकुटुकू बघत होती, मला तिनं मूठभर चिंचोकेही दिले होते. तुम्ही तिला माझ्याशेजारी बसवता, तिचा दंड माझ्या दंडाला लावता, टोचायचं नस्तर उचलता, आणि मी हात ओढून किंचाळते, “अप्पा, दुखतंय!”

तुम्ही थांबलात. तिच्या आईला म्हणालात, “राहू दे आज. पुढल्या आठव्या दिवशी या पोरांच्या दंडावरून हिला देऊ.” त्या बाईनं मान हलवली. ते आठ दिवस भरायच्या आत पोरीला देवी आल्या आणि ती गेली.

तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. आईला म्हणालात, “मी थांबायला नको होतं. माझी लेक म्हणून थांबलो.” शेवटच्या दुखण्यातही तेच बरळत होतात, आणि मी तुमच्या तोंडात पाणी घालत गप्प बसले. तेव्हा बोलले असते तर तुम्ही सुखानं गेला असतात. पण मला तुमची लाडकी राहूनच तुम्हांला निरोप द्यायचा होता.

आज त्या बाईला म्हटलं, “नाही गं, मुंगी चावल्यासारखं.” तिनं दंड पुढे केला आणि सुई शिरेपर्यंत माझा हात घट्ट धरून ठेवला. बऱ्याच वर्षांत कुणी माझा हात धरला नव्हता.

हे पत्र तुमच्या नस्तराच्या डबीखाली ठेवते आहे, धाडणार तरी कुठे? अप्पा, त्या दिवशी मला दुखलं नव्हतं. तिच्या डोक्यात उवा होत्या, अंगाला वास येत होता, आणि तिचा दंड मला माझ्या दंडाला लागायला नको होता.