लोकरीची बाराबंदी

आण्णा, आज संस्थेत तुमच्या बाराबंदीचा विषय निघाला. धारूरात आता बटणांऐवजी बंद लावून शिवणारं कुणी उरलं नाही. तुम्ही मला शाळेत घातलं नाही. तुम्ही कपडे बांधून द्यायचात त्या वर्तमानपत्रांवरच मी पुढं अक्षरं लावली, म्हणून हे लिहिता येतंय.

मागल्या मोठ्या दुष्काळात आम्ही बायकांनी विणकामाची सहकारी संस्था काढली, आणि मी स्वेटर सोडून लोकरीची बाराबंदी विणायला घेतली. तुम्ही शिलाईच्या मशीनवरूनच हसलात. "कावून गं, बटणं महागली का? लोकर ताणती. बंद बांधला की लोंबल बघ." लोंबलीच. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या जुन्या धोतराची पट्टी फाडली, कडेला आतून लावली आणि बंद तिच्यावर टाचून दिलेत. "आता वढ. अंग भरलं तरी बसल, वाळलं तरी बसल."

वाळलेलं अंग तुम्ही पाहिलं नाहीत. ह्यांच्या आजारपणात सगळे सदरे खुंटीला टांगल्यासारखे दिसायचे, ही तेवढी बसायची. थोड्या थोड्या दिवसांनी मी गाठ आत सरकवायची. "आवळ की, पळून चाललोय व्हय मी?" म्हणायचे. त्या गाठींच्या सुरकुत्या बंदांवर अजून आहेत, एकीच्या आत एक. शेवटची पार कडेजवळ आहे.

शहरातली एक मुलगी जुन्या पेहरावांवरून नवे विणलेले कपडे करते. तिला हीच बाराबंदी नमुन्याला हवी. तिच्या गिऱ्हाइकांना हिचे फोटो पसंत पडले तर वर्षभराचं काम संस्थेला. यंदाही रानात काही नाही, बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. पट्टी कशी लावायची ते मी तिला सगळं दाखवलं. मग ती म्हणाली, "मावशी, फक्त धुऊन इस्त्री करून द्या."

"पाणी कुठंय गं? टँकर आला न्हाई," मी म्हणाले.

तिनं बंद हातात धरून पाहिले. "मग असू द्या अशीच. सुरकुत्या छान दिसतात." बाराबंदी घडी करून घेऊन गेली, परत आणून देते म्हणाली.

हे पत्र टाकायचं कुठं, ते मला माहीत नाही. टँकर सकाळीच येऊन गेला होता, आण्णा. रांजण भरलेला आहे. सगळ्या बायकांनी त्याच टँकरवर पाणी भरलं होतं, आणि एकीनंही तोंड उघडलं नाही.