प्रभुभोजनाची भाकर

रवि., ४ मे
वि.ने आज मंडळीत साक्ष दिली. विजय असं पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही. सख्खा धाकटा भाऊ. इतकी वर्षं बेपत्ता, पप्पांच्या मातीलाही आला नाही. आता बोम्मसंद्राच्या व्यसनमुक्ती केंद्रात म्हणे येशू भेटला. शाळेच्या हॉलमध्ये जमलेली आमची मूठभर मराठी माणसं, सगळी डोळे पुसत होती. दारू, चोऱ्या, आईला ढकललं ते, सगळं सांगितलं. तिचा हात मोडला आणि प्लास्टर घालायला मी धावले, तेवढं राहिलं सांगायचं.

पाळक मला म्हणाले, "तारण कमवावं लागत नाही, ताई. फुकट मिळतं." बरं आहे.

बुध., ७ मे
वि. आता मारतहळ्ळीला आमच्याच घरी. माझी खोली त्याला. आई म्हणाली, "स्वल्प सांभाळून घे." मी दिवाणावर. पाठ धरलीय. गुडघ्यांमुळे चहालाही न उठणारी आई त्याच्यासाठी ओट्याशी उभी राहून मटण करते. खालच्या कन्नड शेजारणीने विचारलं, "अक्का, तम्मा, तुझा भाऊ, आला, खुशी ना?" हो, सरी, खुशी, म्हटलं.

रवि., १८ मे
हे मात्र अति झालं. जूनच्या प्रभुभोजनात मोडलेल्या भाकरीचं ताट वि. फिरवणार! भाकर माझी आणि ताट त्याच्या हातात. दर महिन्याची भाकर मीच करते. शनिवारी उपास, प्रार्थना, मग कणीक. मळताना बोलायचं नाही. हे कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं.

पाळकांना म्हटलं, याच हातांनी आईला ढकललंय त्याने. तर म्हणे, "हात कुणाचे चांगले आहेत, ताई?" तुमचे तर मऊ दिसतात, असं अगदी ओठांवर आलं होतं.

शनि., ३१ मे
नाही केली. उपास नाही, भाकर नाही. पाळकांना फोन केला, उद्या माझ्याकडून होणार नाही. "बरं, ताई," एवढंच. का म्हणून विचारलंही नाही मेल्याने. पाळकाला मेला म्हटलं. असू दे.

दुपारी चिकपेटच्या बाजारात जाऊन साडी घेतली. नको असलेली. उद्या बघू काय वाढतात ते.

रवि., १ जून
मुद्दाम गेले. शेवटच्या रांगेत बसले, फजिती बघायला.

वि.ने वाटेत अय्यंगार बेकरीतून पाव आणला होता. गोड पाव. टूटीफ्रूटी घातलेला! पाळकांनी उचलला, उपकार मानले, मोडला. कुणी हसलं नाही. मंडळीतल्या साळवेबाई प्रार्थनेत नेहमीच्याच जागी रडल्या. आईने नेहमीसारखे डोळे मिटून खाल्ला. एकालाही माझी भाकर आठवली नाही. मग मी एवढे शनिवार कुणासाठी उपाशी राहिले?

ताट माझ्यापाशी आलं. वि. हळूच म्हणाला, "घे ना, ताई." नाही घेतला. तो उभाच. सगळे वळून बघायला लागले तेव्हा पुढे गेला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. त्याला काय, ते कधीही येतं.

गुरु., ५ जून
रविवारपासून घरात अबोला. आज वि. त्याच्या नव्या कामावर गेल्यावर आईचे केस विंचरायला बसले आणि विचारलंच. म्हटलं, त्याने काही न करता सगळं मिळवलं. मी तुझं काय करायचं ठेवलं?

"सगळं केलंस की. पण नसतं केलंस तरी तू माझीच होतीस."

डोकं सणकलं. हे आज सांगतेस? मिरजेचं स्थळ मी तुझ्यासाठी सोडलं. तेव्हा का नाही बोललीस?

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

फुकटचं होतं, तर वेळेवर सांगायला काय झालं होतं? ती रडली. मी नाही रडले.

मग तिने माझ्या हातातून कंगवा घेतला. म्हणाली, "बस इथे खाली. तुझी वेणी घालते." नको म्हटलं. माझे केस उरलेत कुठे, आणि तिचा तो हात वर जातो तरी कुठे. सरळ उठून इथे येऊन लिहायला बसले.

ती अजून तशीच बसली आहे, कंगवा धरून. हाक मारत नाही. जातही नाही.