हात वर केलेला माणूस

सुदामदादा,

माझ्या लेकाला, राजरत्नला, पोहायला घातलं म्हणून तू माझ्या घरी येणं सोडलंस. काल उल्हासनगरात त्याच्या क्लबची वॉटर पोलोची फायनल होती. तो गोलकीपर. शेवटी चेंडू आला आणि त्याने दोन्ही हात वर केले. बारवी धरणात बाबा बुडाले तेव्हा आपल्याला त्यांचे असेच हात दिसले होते. मी चपला टाकून काठाकडे धावले. शेजारच्या सिंधी बाईंनी धरलं, "बैठो दीदी, वो बॉल रोक रहा है."

खाली पुरुषभराहून खोल पाणी. तरी तो कमरेपर्यंत वर आला आणि चेंडू अडवला. ते जिंकले. मी मात्र हातांकडेच बघत होते, दादा. ते हात बुडाले नाहीत.

हे पत्र टाकत नाही. वाचताना तुला बाबांचेच हात दिसतील. राजरत्नचे दिसायला तुला काठावर आणून बसवायला हवं.

तुझी,
अंजना