भिंतीवरचं घड्याळ आणि टँकरचं मशीन

लातूर, मे २०१६

तीर्थस्वरूप शरणप्पा मामांस,
भाचा सिद्धराम याचे शरणु शरणार्थी. मामींचा गुडघा आणि आपला देवणी वळू, दोघंही आता उठून चालत असतील. (वळूची चारा छावणीत सोय लागली म्हणे, माझ्याआधी लागली.) मी खुशाल. आंघोळीचं विचारू नका.

नायगावचं मोबाईलचं दुकान सोडून मी इथं टँकरच्या हपिसात कॉम्प्युटर सांभाळून राहिलो. (दुकान मी सोडलं. मालक वेगळं सांगतील.) इथं पावती छापल्याशिवाय टँकर फाटकाबाहेर जात नाही. अन् पावती छापणारं मशीन खरं मशीनच नाही, मामा! एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात नुसता मानलेला दुसरा कॉम्प्युटर, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याला स्वतःची वेळ नसते, मोठा सांगेल ती खरी. (मामींपुढं जसं आपलं.)

तर हे मशीन गाभण म्हशीसारखं चालायला लागलं. बटण दाबावं, चहा पिऊन यावं, तरी कागद बाहेर नाही. भरलेले टँकर फाटकात अन् गल्लीत रिकाम्या घागरी. मला वाटलं, उन्हानं तापलं. म्हणून बादलीत पोतं भिजवून खिडकीला लावलं. तेवढ्यात बाहेर पाण्याच्या रांगेतल्या गुरम्मा आत शिरल्या. “आमाला प्यायला न्हाई, अन् तुज्या डब्याला आंघोळ व्हय रे?” बादली घेऊन गेल्या. पोतंही पिळून नेलं.

शेवटी पंचाक्षरी साहेब आले. (विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. मीही तिथं होतो, कँटीनपर्यंत.) पहिलाच सवाल, घड्याळाला हात कुणी लावला? आता यात माझं काय चुकलं ते सांगा. हपिसातलं भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पुढं ठेवलेलं, डायव्हर वेळेवर यावेत म्हणून. डायव्हर सोडून सगळ्यांना ठाऊक, नव्या माणसाला कोण सांगणार? मला मशीनच मागं वाटलं, म्हणून दर मिनिटाला ते भिंतीइतकं पुढं ढकलायची सोय मी करून ठेवली. मोठा कॉम्प्युटर ते लगेच मागं ओढायचा. पावतीवर वेळ पडायची पुढची, घड्याळ यायचं मागं, अन् मशीन ती वेळ पुन्हा यायची वाट बघत बसायचं. साहेबांनी माझी सोय काढून टाकली, तशा पावत्या धडाधड निघाल्या. जाता जाता, शिस्त म्हणून, भिंतीवरचं घड्याळही त्यांनी बरोबर केलं.

मामींना नमस्कार, वळूच्या पाठीवर थाप.
आपला,
सिद्धराम

ता. क. उदगीर नवा जिल्हा होणार असं सगळे म्हणून राहिले. झालाच तर कलेक्टर कचेरी येईल, कॉम्प्युटर येतील, अन् तिथं मला अजून कुणी ओळखत नाही. माणिकप्पा काकांची तहसिलात ऊठबस आहे, त्यांच्या कानावर माझं नाव घालावं. इथं माझ्या कामाचं लई कौतुक आहे. सोमवारपासून येऊ नको म्हणालेत.

ता. ता. क. गुरम्मा पुन्हा आल्या होत्या. पावत्या छापून तयार, पण घड्याळ बरोबर झाल्यापासून डायव्हरच वेळेवर येईनात. “होतं तसं पुढं कर बाबा ते.” केलं. भिंतीवरचंच, देवाशप्पथ. आता हे मशीनला कळवावं की नको, तेवढं माणिकप्पा काकांना विचारून ठेवा.